पॅकेजचा मान

ब्रह्मपुरीच्या धान बाजारात इसरू ठेंगरे यांनी तीस वर्षं मापाडीचं काम केलं. या तीस वर्षांत त्यांच्यावर व्यापारी रागावले, अडते रुसले, एकाने तर त्यांना भर बाजारात काट्यावरून उठवलं. पण इसरूभाऊंनी काट्यावर कधी बोट ठेवलं नाही, हे त्यांचा वैरीही कबूल करेल. धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, जेवढा भरे तेवढाच आकडा ते मोठ्याने सांगत. शेजारचे दोन काटे मोकळे असले तरी खेड्यावरचा शेतकरी इसरूभाऊंच्या काट्यापुढे रांग लावून उभा राही. अशा माणसाच्या घरात खोटं माप कसं शिरलं, त्याची ही हकीकत आहे.

मार्गशीर्षातला एक साधा मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले होते आणि पुढच्या खोलीत दिव्या लॅपटॉप उघडून बसली होती. ही इसरूभाऊंची धाकटी लेक, वय सव्वीस, कॉम्प्युटरची पदवी इथल्याच कॉलेजची. नागपूरच्या एका कंपनीसाठी ती घरूनच काम करी. सॉफ्टवेअर कंपन्यांत लागणारी मुलं आपल्या आधीच्या नोकरीची आणि पगाराची जी कागदपत्रं देतात, ती खरी की बनावट हे तपासायचं काम. दिवसाला चाळीस पत्रं. पत्रावरची तारीख रविवारची निघाली, बेरजेत एक रुपया इकडचा तिकडे झाला, एखाद्या ओळीतलं अक्षर बाकीच्या ओळींहून जाड दिसलं, की तिची मान आपोआप पुढे झुकायची. या नोकरीने तिला महिन्याचे अठरा हजार दिले आणि वर संशयाची सवय फुकट दिली.

पत्रं वाचून वाचून तिला नोकऱ्यांचा बाजारही कळू लागला होता. तिच्यासमोर येणाऱ्या पत्रांत नागपूरकडच्या कंपन्या माणसं घेत होत्या, पण हात आखडून. बरीच मुलं अकरा महिन्यांच्या करारावर. काहींना पत्र मिळून सहा-सहा महिने झाले तरी रुजू व्हायची तारीख मिळत नव्हती. नव्या मुलाच्या हातात पडणारा पगार चार वर्षांपूर्वी होता तिथंच अडून बसला होता. पत्राच्या पहिल्या पानावरचा आकडा मात्र दरसाल फुगत होता. हा आकडा कोणासाठी फुगतो, असं दिव्याला कधी कधी वाटायचं.

मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, ज्योत्स्ना सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. ही घरची सून, दिव्याच्या मोठ्या भावाची, प्रफुल्लची बायको. लग्नाला तीन वर्षं झाली होती. प्रफुल्ल नागपुरात सॉफ्टवेअर कंपनीत होता, तिथं तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा आणि शनिवारी गावी यायचा. नागपुरात बिऱ्हाड कधी करायचं, हे ज्योत्स्नाने पहिल्या वर्षी चारदा विचारलं, दुसऱ्या वर्षी एकदा. या वर्षी तिने विचारलंच नव्हतं.

तांदूळ तिच्या माहेरचा होता. नव्या धानाचा पहिला कट्टा लेकीच्या घरी पाठवायचा, ही तिच्या बापाची, वारलूभाऊंची रीत. कालच्या नागभीडच्या गाडीने तो आला होता. ज्योत्स्नाने मूठभर तांदूळ नाकाशी नेला, खाली टाकला, पुन्हा नेला.

"काऊन वो, एवढं काय हुंगून राह्यली?" सासूने, अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"काई नाई आई. वास नाई येऊन राह्यला."

"नवा आहे ना पण?"

"नवाच आहे. आमच्या बांधीतला नाई."

तलावाखालच्या वारलूभाऊंच्या दोन बांध्या म्हणजे त्या गावचं सोन्यासारखं धानाचं शेत. त्यांतल्या तांदळाचा वास शिजताना चार घरं जात असे. अन्नपूर्णाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्या बांध्या कधी विकल्या गेल्या आणि कशासाठी, हे त्यांना ठाऊक होतं. आजवर म्हातारा बांध्या घेणाऱ्याकडून तिथलाच कट्टा मागून आणे; या वर्षी तो दुकानातून तांदूळ विकत घेऊन लेकीला पाठवतो आहे, एवढंच त्यांना नवीन होतं.

अकराच्या सुमाराला, इसरूभाऊ बाजाराला निघणार तेवढ्यात, इतवारीभाऊ आले. सोयरिकी जुळवणारा माणूस; दिव्यासाठी घुग्घुसचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. पूर्वी त्यांच्या खिशात मळकी वही असे, आता मोबाईल होता, पण बसायची तऱ्हा तीच. खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतात, म्हणजे समोरच्याने घाई करावी.

"इसरूभाऊ, घुग्घुसवाले हाव म्हणते. पोरगी पसंत. पोरगं तं तुमीच पाह्यलं."

"मंग?"

"मंग काय. त्याइले हुंडा-गिंडा काई नाई पाह्यजे. शिकलेले लोक आहेत. फक्त पॅकेजचा मान ठेवा म्हणते."

"पॅकेज किती?"

"चौदा."

इथं वाचकांना थोडी ओळख करून दिली पाहिजे. हुंडा हा शब्द आता आमच्याकडे चारचौघांत कोणी काढत नाही. कायदा आहे, पोलीस आहेत, शिवाय शिकलेल्या तोंडाला तो शोभत नाही. म्हणून आम्ही शब्द बदलला आणि वस्तू तीच ठेवली. मास्तर, तलाठी, वनरक्षक यांचे भाव पूर्वी ठरलेले असत. सरकारी नोकऱ्या आटल्या, पोरं कॉम्प्युटर शिकून नागपूर-पुण्याला गेली, आणि मुलीचे बाप 'नोकरी कोणती' हे विचारायचं सोडून 'पॅकेज किती' विचारू लागले. इसरूभाऊंच्या नात्यागोत्यात त्याचा हिशेबही बसून गेला होता. पत्रावर जेवढं वर्षाचं पॅकेज, त्याच्या अर्धं मुलीच्या बापाने द्यायचं. याला म्हणायचं पॅकेजचा मान. धानाला सरकार हमीभाव देतं, जावयाला कंपनी देते.

चौदाचे अर्धे सात. इसरूभाऊंच्या डोळ्यांपुढे वडसा रोडवरचा प्लॉट आला. आयुष्य भाड्याच्या घरात गेलं, म्हातारपणी चार भिंती स्वतःच्या असाव्यात म्हणून घेतलेला. त्याचे आज सात येतील, फार झालं तर साडेसात.

"आमची पोरगी बी कमावते, इतवारी."

"ते सांगतलं मी. ते म्हणे, लगनानंतर घरचं करून जे होईन ते करू देऊ. आमचं काई म्हणणं नाई." एवढा मोठेपणा सांगून इतवारीभाऊंनी चहाचा घोट घेतला. दिव्याने लॅपटॉपवरून नजर उचलली नाही. तिच्या अठरा हजारांचा मान कोणी ठेवायचा, हा प्रश्न त्या खोलीत कोणाला सुचला नाही.

इसरूभाऊ मात्र मापाडी होते. "माल पाह्यल्याबिगर मी भाव नाई बोलत," ते म्हणाले. "पोराचं कंपनीचं पत्र पाठवाले सांग. आजकाल लोक काई बी छापून आणते."

संध्याकाळी पत्राचा फोटो इतवारीभाऊंच्या मोबाईलवरून इसरूभाऊंच्या मोबाईलवर आला, आणि घरात संशयाला उधाण आलं. अन्नपूर्णाबाईंना शंका, की जास्त खोदलं तर हातचं स्थळ जाईल आणि पोरगी सव्विसाची सत्तावीस होईल. इसरूभाऊंना शंका, की मुलाचा बाप अंकुशराव खाणीतून रिटायर झालेला, दोन पोरींची लग्नं लावून मोकळा झालेला, त्याच्या घरात एवढा पैसा दिसत का नाही. त्यांनी मोबाईल दिव्याच्या पुढ्यात ठेवला.

"तुह्यी कंपनी हेच करते ना? पाहून सांग. खोटं निघालं तं आत्ताच बोलणं मोडू."

खरं सांगायचं तर ते पत्र खोटं निघावं अशी इच्छा बाप-लेक दोघांच्याही मनात होती. बापाला प्लॉट वाचवायचा होता, आणि लेकीला नकार द्यायला एक कारण पाहिजे होतं. दिव्याने फोटो मोठा केला. तारीख बुधवारची होती, कंपनीचा पत्ता बरोबर, सही सरळ, अक्षर एकसारखं. एकूण वार्षिक पॅकेज चौदा लाख. मग तिची नजर तळाला गेली. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, पृष्ठ १, एकूण २.

ती काही बोलायच्या आधी दारातून आवाज आला. ज्योत्स्ना चहाचा ट्रे धरून उभी होती.

"दुसरं पान कुठी आहे, ताई?"

प्रश्न साधा होता. पण ज्योत्स्नाने तीन वर्षांत या घरात पैशाच्या गोष्टीत तोंड घातलं नव्हतं, म्हणून सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती ट्रे ठेवून आत गेली. दिव्या मागोमाग गेली, तेव्हा ती चुलीशी, दाराकडे पाठ करून बसली होती.

"वहिनी, तुमाले कसं समजलं?"

"माह्या वक्ती बी एकच पान आलं होतं. दुसरं असते हे लगनानंतर समजलं. बाबानं ते देवाजवळ ठेवलं होतं. जावयाचं पॅकेज नऊ लाख. जो येईन त्याले दाखवत." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "तुमी रोज लोकाइची पत्रं पाहाता. माह्या वक्ती काऊन नाई पाह्यलं?"

 ते पत्र दिव्याने पाहिलं होतं, हेच तर उत्तर होतं.

तीन वर्षांपूर्वी प्रफुल्लला नऊ लाखांचं पत्र आलं, तेव्हा तो नागपुरात होता. पत्र त्याने दिव्याला ई-मेलने पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "मंगरूच्या दुकानातून काढून आण. पहिलंच काढ, दुसऱ्याचं काई काम नाई." बसस्टँडजवळ मंगरूचं झेरॉक्सचं दुकान. तिथल्या पडद्यावर दिव्याने दुसरं पान वाचलं होतं. नऊपैकी तीन लाख कामगिरीवर आणि कंपनीच्या नफ्यावर अवलंबून, दीड लाख दोन वर्षं टिकलात तर. तिला सगळं कळलं नाही, पण काहीतरी दडवलं जातं आहे एवढं कळण्याइतकी ती शहाणी होती. भाऊ होता, घरात आनंद होता, ती गप्प बसली. वारलूभाऊंनी नऊचे अर्धे, साडेचार, मोजून दिले. त्यापायी तलावाखालच्या बांध्या गेल्या. पहिल्या वर्षी कंपनीला नफा झाला नाही, ते तीन आले नाहीत. चौदाव्या महिन्यात प्रफुल्लला कंपनीने घरी पाठवलं, ते दीडही गेले. आज दुसऱ्या एका कंपनीत तो महिना बत्तीस हजारांवर करारावर काम करतो, आणि म्हणूनच नागपुरात बिऱ्हाड होत नाही. वारलूभाऊ आता दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने धान रोवायला जातात.

दुसऱ्या दिवशी दिव्याने घुग्घुसच्या त्या मुलाला, प्रणितला, फोन केला. कंपनीच्या यंत्रणेतून घरचं पत्र तपासणं तिच्या नोकरीच्या नियमात बसत नव्हतं, आणि सरळ विचारण्यासारखी दुसरी तपासणी नाही हेही तिला माहीत होतं. तो खोटं बोलेल अशी तिची खात्री होती. ती वही-पेन घेऊन बसली होती.

"तुमच्या पत्राचं दुसरं पान पाह्यजे होतं."

"दुसरं नाई आलं का?" प्रणितला खरोखर नवल वाटलं. "बाबानं एकच पाठवलं असन. थांबा, आत्ता पाठवतो."

पाचव्या मिनिटाला पान आलं. त्यात सगळं लख्ख होतं. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत करावा लागणारा जॉइनिंगचा बोनस, विमा, भविष्य निर्वाह निधी. प्रणितने स्वतःच सांगितलं, "हातात अडुसष्ट हजार येते. तेही पुढच्या वर्षी राह्यली नोकरी तं. आमच्या टीममधले सहा जण कमी केले मागच्या महिन्यात."

दिव्याचं पेन तसंच राहिलं. मुलगा सरळ होता. हे तिला जरा अडचणीचंच झालं.

"आणि तो पॅकेजचा मान? तो तुमाले पाह्यजे?"

"मी काई मांगत नाई. ते बाबाचं आहे. माह्या दोन्ही बहिणीइच्या वक्ती आमी बी देल्लं."

"मंग तुमी बाबाले नाई म्हणा."

 प्रणित म्हणाला, "मोठ्या माणसाइच्या बोलण्यात मी काय बोलू?"

दुसरं पान इसरूभाऊंच्या हातात पडलं, तसा त्यांचा चेहरा उजळला. दिव्याने एकेक रक्कम समजावून सांगितली. त्यांनी बोटांवर हिशेब केला. अडुसष्ट हजार बारा महिने म्हणजे आठ लाख आणि वर थोडे. आठाचे अर्धे चार.

"तीन वाचले पाहा," ते बायकोला म्हणाले. "पोरीले शिकवलं त्याचा असा उपयोग होते. आता रविवारी ते कसे सात म्हणते ते पाहातो मी."

दिव्याने वही मिटली. संशय तिने घेतला, खरं तिने शोधून काढलं, आणि त्या खऱ्याचा उपयोग तिच्याच लग्नाचा भाव पाडून घ्यायला होत होता. बाप आनंदात होता, कारण त्याला वाटत होतं आपण फसवले जाणार नाही. आपण मुळात कशाचं माप करतो आहोत, हा विचार त्या प्रामाणिक माणसाच्या मनाला शिवला नाही. वाईट माणसांनी चालवलेली वाईट रीत लवकर मरते. प्रामाणिक माणसं ती काट्यावर ठेवून बरोबर तोलू लागली, की ती शंभर वर्षं जगते.

रविवारी दुपारी घुग्घुसवाले आले. अंकुशराव, त्यांची बायको, प्रणित आणि मध्ये इतवारीभाऊ. शनिवारी आलेला प्रफुल्लही बापाशेजारी बसला होता. पोहे झाले, धानाच्या भावाचं बोलणं झालं, खाणीतल्या धुळीचं झालं. मग इसरूभाऊंनी दोन्ही पानं पुढे ठेवली.

"अंकुशराव, तुमी एकच पान पाठवलं. हे दुसरं. मान हातात येते त्याच्यावर ठेवू. चार."

अंकुशरावांनी पोराकडे पाहिलं. प्रणितने मान खाली घातली. मग ते हळूहळू हसले, जसं बाजारात मुरलेला माणूस हसतो.

"इसरूभाऊ, नागभीडकडं आमचे बी सोयरे आहेत. तुमच्या पोराच्या लगनात तुमी वारलूभाऊले किती पानं देल्ली होती?"

ज्योत्स्ना पाण्याचे ग्लास घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. प्रफुल्ल मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागला. इसरूभाऊंचा चेहरा लाल झाला. बाजारात कोणी त्यांच्या मापावर शंका घेतली की होई, तसाच.

"आमचं पत्र खरं होतं," ते म्हणाले. "मी इंग्रजी नाई वाचत, पण खोटं काम ह्या घरात नाई होत. दिव्या, सांग याइले. तूच काढून आणलं होतं ना ते?"

आणि सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. बापाने तिला साक्षीला बोलावलं होतं. हो म्हटलं असतं तर घराची अब्रू राहिली असती, बोलणं पाचाच्या आसपास मिटलं असतं, मुलगा सरळ होता, आयुष्य बरं गेलं असतं. दारात ज्योत्स्ना ग्लास तसेच धरून तिच्याकडे बघत उभी होती.

"काढून मी आणलं होतं, बाबा," दिव्या म्हणाली. "पहिलंच आणलं. दुसरं मी तिथीच वाचलं आणि तिथीच राहू देल्लं. दादा म्हणे दुसऱ्याचं काम नाई."

"दिव्या, तू आत जा," प्रफुल्ल म्हणाला.

ती गेली नाही. इसरूभाऊ लेकाकडे बघत होते, आणि लेक जमिनीकडे. खोलीतलं ते अवघडलेपण इतवारीभाऊंना सहन होईना, कारण त्यात त्यांची दलाली बुडत होती.

"झालं गेलं जाऊ द्या," ते म्हणाले. "दोन्हीकडून सारखंच झालं तं मंग. अंकुशराव, पाचावर बसू. काय म्हणता?"

"पाच चालन," अंकुशराव म्हणाले.

म्हणजे लबाडीला लबाडी वजा जाऊन पाच उरले. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. अन्नपूर्णाबाईंनी तर सुटकेचा निःश्वास टाकला.

"प्रणितचं पत्र खरं आहे," दिव्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती रोज संध्याकाळी कंपनीला अहवाल देई त्याच सुरात बोलत होती. "दोन्ही पानं खरी आहेत. मी तपासली. माणूस बी खोटा नाई. पण पत्र खरं निघालं म्हणून मांगणं खरं होत नाई. सात नाई, चार नाई, पाच बी नाई. मानावर मी लगन नाई करत." मग ती प्रणितकडे वळली. "तुमाले बिगर मानाचं चालत असन तं आत्ता इथी बोला."

प्रणितने तोंड उघडलं. त्याने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग टेबलावरची आपली दोन पानं उचलून नीट घडी केली आणि खिशात ठेवली. काही माणसं कागदावर अगदी खरी असतात. घुग्घुसची गाडी अर्ध्या तासात निघून गेली.

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली ती ज्योत्स्नाने पेटवली म्हणून. अन्नपूर्णाबाई रडत होत्या. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. सव्वीस वर्षांची लेक, मोडलेली सोयरीक, आणि उद्या नळावर चार बायका काय म्हणतील. "सगळेच करते वो," प्रफुल्ल बहिणीला म्हणाला. "माह्या रूमवरच्या तिघाइनं बी तेच केलं. तू काऊन एकटीच शहाणी?"

"मी शहाणी नाई. मी तुह्याएवढीच चोर आहे," दिव्या म्हणाली. "पण तू अजून बी नाई म्हणून राह्यला."

सोमवारी पहाटे तो नागपूरला निघून गेला. जाताना ज्योत्स्नाने त्याला डबा दिला आणि पहिल्यांदाच विचारलं नाही, की पुढच्या शनिवारी येता का.

 इसरूभाऊ सोमवारी नेहमीसारखे बाजारात गेले आणि काटा चालवून, आकडे सांगून घरी आले. मंगळवारी एका म्हाताऱ्याचे सात कट्टे काट्यावर चढले. म्हातारा चष्म्याशिवाय आलेला, त्याला आकडा दिसेना. शेजारच्याने म्हटलं, काट्यात पाहा की बाबा. म्हातारा म्हणाला, "इसरूभाऊ असल्यावर मी कायले पाहू?" इसरूभाऊंनी सातही कट्टे दुसऱ्यांदा तोलले, काहीच गरज नसताना. मग दुसऱ्या मापाड्याला काटा सोपवून ते दुपारीच घरी आले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

दिव्या पत्रं तपासत होती. ते तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले, पाय वर घेऊन.

"मले इंग्रजी नाई वाचता येत, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण इचारता तं येत होतं. इतवारीले म्हटलं, माल पाह्यल्याबिगर भाव नाई बोलत. प्रफुल्लच्या वक्ती नाई म्हटलं. तवा माल आपला होता." त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला. "बोट मीच ठेवलं वो. मलेच दिसलं नाई."

दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते पुसावंसं वाटलं नाही.

"प्रफुल्लचं ते पत्र आहे का अजून तुह्यापाशी?"

"ई-मेलवर आहे, बाबा."

"काढून आण. उद्या सकाळच्या गाडीनं नागभीडले जातो. वारलूभाऊच्या हातात देतो. प्लॉटचं बी बोलतो. त्याइनं जे देल्लं ते वापस गेलं पाह्यजे, बांध्या मिळो का नाई मिळो. शिव्या देल्ल्या तं खाऊन येतो."

अन्नपूर्णाबाई आतून म्हणाल्या, "आणि म्हातारपणी आपण कुठी राहाचं?"

"जिथं राहून राह्यलो तिथंच."

ज्योत्स्ना चुलीपाशी उठून उभी राहिली होती. "मामाजी, मी बी येते," ती म्हणाली. "माह्या बाबाले एकट्यानं नका सांगू. ते जावयाच्या घरच्याले शिवी नाई देत. ते उलटे तुमालेच चहा पाजतीन. माह्यासमोर सांगा." इसरूभाऊंनी मान डोलावली.

दिव्या लगेच निघाली. बसस्टँडवर वडशाच्या जीप भरत होत्या, मंगरूच्या दुकानात कॉलेजच्या पोरांची गर्दी होती. तिने आपला ई-मेल उघडून पत्र पडद्यावर आणलं. मंगरूने वरचं 'पॅकेज' वाचलं आणि सरावलेल्या हाताने यंत्राकडे वळला. त्याने तिला ओळखलंही नाही. असे कितीतरी येत.

"लगनाचं ना?" तो म्हणाला. "मंग पहिलंच पान काढतो."

"नाई भाऊ. दोन्ही."

यंत्र घरघरलं. पहिलं पान आलं, मागून दुसरं. मंगरूने ते उचलून उजेडाला धरलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिच्या हातात दिलं.

"पाच वर्षं झाली हे पत्रं काढून राह्यलो, ताई," तो म्हणाला. "हे पान आजच पाह्यलं."